डॉ. हॅन्सन आणि रोग्याच्या घरची माणसे

आमच्या लहानपणी एखाद्या घरात कुष्ठरोग निघाला की त्या घरातली मुलगी कोणी करून घेत नसे. रोग रक्तातून उतरतो, ही समजूत. नॉर्वेतल्या मोठमोठ्या डॉक्टरांचेही एकेकाळी हेच मत होते. ते खोडून काढणारे डॉ. गेरहार्ड आर्मॉवर हॅन्सन २९ जुलै १८४१ रोजी बर्गन येथे जन्मले. घरात पंधरा भावंडे, त्यात वडिलांचा व्यापार बुडालेला. दिवाळे निघाले की घरादाराचे काय होते, ते बँकेत जन्म काढलेल्या आम्हाला वेगळे सांगायला नको. स्वतः कमावत शिकून हॅन्सन १८६६ मध्ये डॉक्टर झाले.

बर्गनच्या कुष्ठरुग्णालयात त्यांचे वरिष्ठ होते डॉ. डॅनिएल्सन, आनुवंशिकतेच्या मताचे खंदे पुरस्कर्ते. त्यांच्याच मुलीशी हॅन्सन यांचे जानेवारी १८७३ मध्ये लग्न झाले आणि पुढच्याच महिन्यात रोग्याच्या गाठीत त्यांना काड्यांसारखे जंतू दिसले. म्हणजे सासरेबुवांचे मतच चुकीचे! पत्नी मात्र त्याच वर्षी क्षयाने वारली.

जंतू सिद्ध करण्याच्या नादात १८७९ मध्ये त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, रोगाचा अंश टोचला. खटला झाला, रुग्णालयातली जागा गेली. ते योग्यच झाले, असे आम्हाला वाटते.

१८८८ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन रोग्यांची मुले-नातवंडे त्यांनी शोधून पाहिली. एकालाही कुष्ठरोग नव्हता. रक्तातून उतरत असता तर समुद्र ओलांडल्याने थोडाच थांबला असता?

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी ते वारले, तेव्हा गुणकारी औषध नव्हतेच. रोग्याला वेगळे ठेवणे एवढाच इलाज. आता सरकारी दवाखान्यात सहा किंवा बारा महिन्यांचे औषध फुकट मिळते आणि ते सुरू होताच संसर्गाची भीती लवकर संपते. ताट-वाटी वेगळी करायचे कारण नाही. बहुतेकांच्या अंगी प्रतिकारशक्ती असतेच. तरी बरीच वर्षे एका घरात राहणाऱ्यांना धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून त्यांची तपासणी करून निरोगी माणसांना रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. सुन्न चट्टा उमटायला कित्येक वर्षे लागू शकतात. त्यामुळे घरच्यांनी, विशेषतः मुलांना, एकदा दाखवून थांबू नये.