अंधारात वाट दाखवणारी हॅरिएट

इस्राएल लोकांना गुलामगिरीतून बाहेर काढणारा मोशे आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील गुलामांनी हेच नाव एका तरुण स्त्रीला दिले होते. ती स्त्री म्हणजे हॅरिएट टबमन.

हॅरिएटचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरीलँड राज्यात गुलाम आईवडिलांच्या पोटी झाला. लहान वयातच, एका मुकादमाने दुसऱ्या गुलामावर फेकलेले लोखंडी वजन तिच्या डोक्याला लागले. त्या दुखापतीमुळे तिला आयुष्यभर अचानक गुंगी येत असे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते; पण परमेश्वर आपल्याला वाट दाखवतो, ही तिची श्रद्धा अढळ होती.

१८४९ साली ती पळून फिलाडेल्फियाला पोहोचली. ती मुक्त झाली, पण घरची माणसे मागेच राहिली. मोलमजुरी करून पैसे साठवायचे आणि परत जाऊन एकेकाला सोडवून आणायचे, हा तिचा क्रम सुरू झाला. १८५० च्या कडक कायद्यानंतर उत्तरेतही धोका वाढला, म्हणून ती आपल्या माणसांना कॅनडापर्यंत नेऊ लागली. हिवाळ्याच्या लांब रात्री तिला सोयीच्या वाटत. शनिवारी रात्री निघाले, की सोमवारपर्यंत फरारी गुलामांची जाहिरात छापून येत नसे.

१८५४ च्या नाताळात तिच्या भावांची विक्री व्हायची होती. त्यांना घेऊन ती आईवडिलांच्या झोपडीजवळ लपली. आई मुलांची जेवणासाठी वाट पाहत होती. पण तिला रडू आवरणार नाही, म्हणून कोणी काही कळवले नाही. वडिलांनी गुपचूप अन्न आणून दिले आणि डोळ्यांवर रुमाल बांधून मुलांना थोडी सोबत केली. पुढे चौकशी झाली, तेव्हा मुलांना पाहिले नाही असे ते खरेपणाने सांगू शकले. १८५७ मध्ये हॅरिएटने आईवडिलांनाही सोडवले.

सुमारे १३ खेपांत तिने ७० जणांना मुक्त केले; एकही पकडला गेला नाही. १८६३ साली, यादवी युद्धात, कोम्बाही नदीवरील मोहिमेत तिच्या मदतीने ७०० हून अधिक गुलाम सुटले. वृद्ध, निराधार कृष्णवर्णीयांसाठी तिने ऑबर्न येथे आश्रमाचा ध्यास घेतला. तो १९०८ मध्ये उघडला. तेथेच १० मार्च १९१३ रोजी तिने देह ठेवला.

हॅरिएटचे धैर्य आपल्याला कदाचित झेपणार नाही. परंतु डोळ्यांवर रुमाल बांधून चार पावले सोबत करणाऱ्या त्या वृद्ध पित्याइतके तरी आपण एखाद्या अडलेल्यासाठी नक्कीच करू शकतो.