लॅटिनपुढे हरलेला विद्यार्थी

४ ऑगस्टला आपण धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करतो. आर्सचे फादर म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. त्यांच्या अभ्यासाची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही.

१७८६ साली फ्रान्समध्ये लिऑन शहराजवळच्या दार्दिली गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत शाळा अशी फारशी मिळालीच नाही. विशीच्या सुमारास ते शेजारच्या एक्युली गावी फादर बाले यांच्याकडे लॅटिन शिकू लागले. सोबतची मुले लहान होती. रात्री पाठ केलेले सकाळी आठवत नसे. माथियास लोरास नावाचा बारा वर्षांचा हुशार मुलगा त्यांना शिकवी. एकदा त्याने चिडून सर्वांसमक्ष त्यांच्या थोबाडीत मारली. विशीतला हा तरुण त्या पोरापुढे गुडघे टेकून क्षमा मागू लागला! माथियासला रडू कोसळले. पुढे तोच अमेरिकेत डुब्यूकचा पहिला बिशप झाला.

मध्ये सैन्यभरतीचे प्रकरण झाले, ते राहू द्या. १८१३ साली लिऑनच्या सेमिनरीत सगळे शिकवणे लॅटिनमधून. त्यांना प्रश्नच समजेनात, उत्तर काय देणार? त्यांना घरी पाठवण्यात आले. फादर बाले यांनी मात्र या शिष्याला जवळून पाहिले होते. लॅटिन कच्चे असले तरी प्रार्थना, चिकाटी आणि साधी समज पक्की होती. त्यांनी त्यांना फ्रेंचमधून शिकवले. फ्रेंचमध्ये विचारल्यावर उत्तरे नीट आली! व्हिकर जनरलांनी त्यांच्या भक्तिभावाची चौकशी करून होकार दिला आणि १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पापनिवेदन ऐकण्याची परवानगी मात्र काही महिने मिळाली नाही. ती मिळाली तेव्हा त्यांच्यापुढे पहिले गुडघे टेकले ते फादर बाले यांनीच.

१८१८ साली त्यांना सुमारे २३० वस्तीच्या आर्स गावी पाठवले. तिथेही पाठ केलेले प्रवचन मध्येच विसरून ते व्यासपीठावरून खाली उतरत. पुढे त्यांनी पाठांतर सोडले आणि शेतकऱ्यांच्या साध्या भाषेत बोलू लागले. माणसाचे मन ओळखणे मात्र त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. दिवसाला सोळा-सोळा तास ते पापनिवेदन ऐकत. लोकांना पाळीसाठी दिवसच्या दिवस थांबावे लागे, म्हणून लिऑनच्या रेल्वे स्टेशनवर आर्ससाठी आठ दिवस चालणारे परतीचे तिकीट मिळू लागले.