येशूचा हिशेबनीस

गेल्या हिवाळ्यात आमची सहल वर्ध्याला मगनवाडीत गेली होती. संग्रहालयात रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप पाहिला. ज्या संस्थेत तो तयार झाला, त्या ग्रामोद्योग संघाचे चिटणीस ख्रिस्ती होते हे कळल्यावर मला नवल वाटले. गांधीजींचे वर्ध्यातील सहकारी म्हटले की विनोबा आणि जमनालाल, एवढेच आपल्याला पाठ असते.

त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका तामिळ ख्रिस्ती घरात जन्म. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ. तिथे इंग्रज सरकारचा जमाखर्च तपासताना त्यांना दिसले की, गरीब रयतेचा कर लष्करावर आणि कर्जाच्या व्याजावर जातो आहे. गृहस्थ साहेबी थाटाचे, पण आकडे काही सोडवेनात. १९२९ साली परतल्यावर त्यांनी कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव घेतले. त्याच वर्षी ९ मे रोजी रेशमी पोशाखात ते साबरमतीला गेले आणि सारवलेल्या जमिनीवर गांधीजींसमोर बसले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालल्या. हातही न उगारणाऱ्यांना मारणाऱ्या सरकारच्या बाजूने येशूचे अनुयायी कसे उभे राहतात, असा प्रश्न कुमारप्पांनी पाद्र्यांना आणि थेट कलकत्त्याच्या मुख्य बिशपांना, वेस्टकॉट यांना केला. स्वधर्मीयांनाच जाब विचारायला धैर्य लागते. पुढे तुरुंगही आला.

दुसऱ्या महायुद्धात ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर एक आणि शाश्वत अर्थव्यवस्थेवर एक, अशी दोन पुस्तके लिहिली. गांधीजींनी त्यांना थट्टेने ‘ग्रामोद्योगाचे डॉक्टर’ करून टाकले. त्यांच्या मते युद्धाचे मूळ बाजारात आहे. वाघ मारून खातो, माकड दुसऱ्याची बाग लुटते, मधमाशी पोळ्यासाठी राबते, तर पक्षीण पिल्लांसाठी काही न मागता झिजते. माणसाने यांतले कोण व्हावे? दूरच्या देशातला कच्चा माल व गिऱ्हाईक बळाने मिळवणारे कारखाने हिंसाच विकतात, आणि विकत घेणाराही त्यात भागीदार होतो.

इथे मी अडलो. माझा मोठा भाऊ अंबाझरीच्या आयुध निर्माणीत कंत्राटावर आहे. तोफगोळ्यांची कवचे तिथे बनतात. आमच्या घरातला कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि माझी फी त्याच पगारातून जाते. कुमारप्पांच्या वहीत मी कोणत्या बाजूला मांडला जाईन?

आमच्या सरांनी दुसरी बाजू दाखवली. जर्मनीतले बोन्हाफर हे पाद्री शांतीचेच पुरस्कर्ते, पण हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले आणि एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेले. दोघांचा येशू एकच. मला दोघेही खरे वाटतात, आणि त्यामुळेच झोप येत नाही.

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पा काही काळ नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या सेलडोहला आश्रम करून राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, मद्रासला वारले.

भावाला हे सारे सांगितले. सीमेवरच्या जवानाने मग काय हातात धरायचे, असे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. पुस्तक मात्र त्याने मागून घेतले. रात्रपाळीहून आला की दोन-दोन पाने वाचतो.