खाशाबा जाधव : हौद्यातून मॅटवर

खान्देशातल्या जत्रेत कुस्त्यांची दंगल भरते, तेव्हा मल्लाचे वजन कोणी काट्यावर घेत नाही. जोडी नजरेने लागते आणि पाठ मातीला टेकली की निकाल लागतो. ऑलिम्पिकची कुस्ती वेगळी आहे. तिथे वजनाचे गट, घड्याळ, गुण आणि मातीच्या जागी गादी म्हणजे मॅट असते. हा बदल शरीराकडून काय मागतो, ते खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या आयुष्यातून कळते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः पैलवान होते. जोर, बैठका आणि लाल मातीतला सराव लहानपणीच सुरू झाला. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. उंची बेताची, पण चपळाई विलक्षण होती. ढाक हा त्यांचा खास डाव.

१९४८ साली ते लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा मॅटवर लढायची त्यांना सवय नव्हती. हौद्यातली माती मऊ असते. पाय थोडा रुततो, हालचाल मंदावते, पडल्यावर मार कमी बसतो. मॅटवर पाय रुतत नाही. वेग वाढतो आणि झटकन वळताना गुडघ्याच्या व घोट्याच्या अस्थिबंधांवर जास्त ताण येतो. तोल सांभाळण्याची सवय मेंदूला आणि स्नायूंना नव्याने लावावी लागते, आणि ती चार दिवसांत लागत नाही. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी तिथे त्यांची तयारी करून घेतली. ५२ किलो गटात खाशाबा सहावे आले.

परतल्यावर त्यांनी सराव वाढवला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पैसे उभे करणे हीच मोठी लढत ठरली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली.

हेलसिंकीत ते एक गट वर, ५७ किलोत उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ, दमवणारी लढत झाली आणि ती ते हरले. इशी मुळात ज्युदोचे खेळाडू होते. म्हणजे जपानची आणि महाराष्ट्राची पारंपरिक विद्या त्या दिवशी एकाच मॅटवर आली होती.

त्यानंतर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला त्यांना बोलावले गेले. हक्काची अर्ध्या तासाची विश्रांती मागायला सोबत कोणी अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. जोरकस लढतीत स्नायूंमध्ये लॅक्टेट साठते. ते रक्तातून कमी व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तोवर पकड ढिली पडते आणि हालचाली मंदावतात. ती लढतही ते हरले. तरीही कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आज त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

नंदुरबार, शहादा, तळोद्याची मुलेही आता मॅटवरच्या शालेय स्पर्धांना जातात. मातीतला सराव त्यांना ताकद आणि दम देतो, तो सोडायचे कारण नाही. पण स्पर्धेच्या आठवडाभर आधी पहिल्यांदा मॅटवर उतरणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण. काही महिने दोन्हीकडे सराव हवा. मॅट रोज जंतुनाशकाने पुसावी. अंगावर गजकर्ण किंवा पू असलेला फोड दिसला तर तो बरा होईपर्यंत मुलाला लढू देऊ नये.

सर्वांत मोठा धोका वजनाचा. खालच्या गटात बसण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपडे घालून घाम गाळणे हे प्रकार जीवावर बेततात. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या आसपास तीन कॉलेज कुस्तीगीर असे करताना दगावले. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वाढणारच. तेव्हा त्याला वरच्या गटात लढवावे. खाशाबांनी पदक जिंकले ते आधीपेक्षा वरच्याच गटात.