अनवट रागांचे धनी : गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडी संस्थानातील वझरे हे रामकृष्णबुवा वझे यांचे जन्मगाव. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभी त्यांचा जन्म झाला. पितृछत्र तान्हेपणीच हरपले आणि आईने त्यांना कागल येथे वाढवले. घरात दारिद्र्य होते, गाण्याची ओढ मात्र अनावर होती. मालवणात आरंभीचे धडे घेतल्यावर पोरवयातच ते गुरूच्या शोधार्थ बाहेर पडले. पुणे, मुंबई, इंदूर असा खडतर प्रवास करीत ते ग्वाल्हेरला पोहोचले आणि तेथे निसार हुसेन खाँ यांची तालीम त्यांना लाभली.

त्या काळी विद्या ही घराण्याची ठेव मानली जाई. एखादी चीज पदरात पडावी म्हणून शिष्याला वर्षानुवर्षे सेवा करावी लागे. बुवांनी ती केली; शिवाय अनेक गुणिजनांकडून दुर्मीळ बंदिशींचा साठा जमवला. खंबावती, खट, बरवा यांसारखे राग त्यांच्या गायकीची ओळख ठरले. आवेशपूर्ण मांडणी आणि लयीवरील हुकमत ही त्यांची वैशिष्ट्ये होत.

पुढे बेळगाव ही त्यांची कर्मभूमी झाली. कॅम्पातील लष्करी छावणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला अभिजात गायनाचे केंद्र म्हणून लौकिक मिळवून देण्यात बुवांचा वाटा मोठा आहे. कागलकरबुवा, गुरुराव देशपांडे, गजाननराव जोशी आणि पुत्र शिवरामबुवा यांनी त्यांची विद्या पुढे नेली. मंगेशीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी त्यांचा गंडा बांधला होता. वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’ नाटकाला बुवांनीच संगीत दिले. दीनानाथांच्या तेजस्वी गळ्यातून त्या चाली घराघरांत पोहोचल्या आणि गोमंतकीय रसिकांच्याही ओठी रुळल्या.

बुवांचे सर्वांत दूरदर्शी कार्य मात्र मैफलीबाहेरचे आहे. ‘संगीत कला प्रकाश’ या दोन भागांच्या ग्रंथात त्यांनी कष्टार्जित बंदिशी स्वरलिपीसह छापल्या आणि आपले चरित्रही त्यात नोंदवले. जी विद्या मिळवण्यासाठी त्यांना मुलूख पालथा घालावा लागला, ती त्यांनी कोणाही अभ्यासकाच्या हाती ठेवली. चीज गळ्यातच राहिली तर गायकाबरोबर संपते. बुवांनी ती कागदावर उतरवली, म्हणून अनेक बंदिशी त्यांच्यानंतरही टिकल्या.

5 मे 1945 रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही उपलब्ध आहेत. सीमेच्या अलीकडे गोव्यात आणि पलीकडे बेळगावात त्यांच्या परंपरेचे गाणे शिकणाऱ्यांना तो ठेवा आजही मार्गदर्शक आहे.