सत्याचा शोध : आचार्य धर्मानंद कोसंबी

पाठ-परिचय

एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु ती कोणाकडून तरी ऐकलेली असते, कोठे तरी वाचलेली असते, की स्वतः पडताळून पाहिलेली असते? ज्ञान कशाला म्हणावे, शंका घेणे योग्य की अयोग्य, शहाणपण आणि विद्वत्ता एकच आहेत काय, हे तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न आहेत. गोव्यातील एका खेड्यात वाढलेल्या, शाळेत फारसे न शिकलेल्या एका तरुणाने हे प्रश्न आयुष्यभर उराशी बाळगले. त्या तरुणाच्या, म्हणजेच आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या जीवनाची ओळख या पाठातून होते.

बालपण आणि अस्वस्थता

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साष्टी तालुक्यात साखवाळ या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. प्रकृती नाजूक असल्यामुळे आणि घरच्या परिस्थितीमुळे त्यांचे शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेले नाही. लहान वयातच त्यांच्यावर घरच्या माडांच्या बागेची जबाबदारी पडली. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयात त्यांचा विवाहही झाला.

बागेचे काम करीत असताना त्यांचे वाचन मात्र सुटले नाही. हाती येईल ते मराठी पुस्तक ते वाचून काढीत. तुकोबांच्या अभंगांनी त्यांच्या मनात वैराग्याची ओढ निर्माण केली. अशातच १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात गौतम बुद्धांविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. लेख लहानच होता. पण त्याने या तरुणाच्या मनाचा ताबा घेतला. बुद्धांनी नेमके काय सांगितले, हे जाणून घेण्याची तळमळ त्यांना लागली.

येथेच पहिली अडचण उभी राहिली. बुद्धांची शिकवण ज्या पाली भाषेत आहे, ती शिकण्याची सोय जवळपास कोठेच नव्हती. पालीतील मूळ ग्रंथ नागरी लिपीत सहजासहजी मिळत नव्हते. जो धर्म भारतात जन्मला, त्याचे जिवंत अध्ययन भारताबाहेर चालत होते. मासिकातील लेखावर समाधान मानावे, की मूळ गोष्ट शोधण्यासाठी निघावे, हा प्रश्न धर्मानंदांपुढे होता. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी गोवा सोडला.

ज्ञानासाठी भ्रमंती

प्रथम ते पुण्यास आले. तेथे थोर संशोधक डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पाली समजण्यासाठी आधी संस्कृतचा पाया पक्का हवा, हे ओळखून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. हाती पैसा नव्हता. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांकडे संस्कृत शिकावे, असा त्यांचा दिनक्रम होता.

१९०२ मध्ये ते नेपाळात पोहोचले. बुद्धांच्या जन्मभूमीच्या परिसरात खरा बौद्ध धर्म सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथील धर्माची स्थिती पाहून त्यांची निराशा झाली. तरीही त्यांनी शोध सोडला नाही. बोधगयेहून कलकत्ता आणि तेथून श्रीलंका असा प्रवास त्यांनी केला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविर या विद्वान भिक्षूंच्या हाताखाली त्यांचे पालीचे अध्ययन सुरू झाले. तेथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्षू झाले आणि तेथे ग्रंथांच्या अभ्यासाला त्यांनी ध्यानाच्या अभ्यासाची जोड दिली.

सिंहली आणि ब्रह्मी लिपींतील ग्रंथ ते आता स्वतः वाचू शकत होते. मधल्या कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहण्याची आवश्यकता उरली नव्हती.

शंका : दोन प्रकारची

धर्मानंदांनी अभ्यासलेल्या पाली वाङ्मयात कालाम लोकांची एक प्रसिद्ध कथा आहे. केसपुत्त नावाच्या गावी अनेक उपदेशक येत. प्रत्येक जण आपले मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणे. गोंधळलेल्या गावकऱ्यांनी बुद्धांना विचारले, की यांतील खरे कोण? अशा स्थितीत शंका येणे स्वाभाविकच आहे, असे बुद्धांनी त्यांना सांगितले. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली आहे, ग्रंथात लिहिली आहे किंवा गुरूने सांगितली आहे, एवढ्याच कारणाने ती मान्य करू नये. तिच्यामुळे लोभ, द्वेष आणि मोह वाढतात की कमी होतात, हे स्वतः पारखावे आणि मगच ती स्वीकारावी किंवा टाकावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

याच वाङ्मयात दुसऱ्या एका शंकेला मात्र मनाच्या मार्गातील अडथळा मानले आहे. ती म्हणजे माणसाला जागेवरच खिळवून ठेवणारी द्विधा वृत्ती. वाटेच्या फाट्यावर उभा राहून दिवसभर विचारच करीत बसणारा वाटसरू गावी पोहोचत नाही. चौकशी करून एक वाट धरणारा आणि ती चुकली असे दिसताच मागे फिरणारा वाटसरू मात्र उशिरा का होईना, पोहोचतो. धर्मानंदांची शंका ही अशी चालत राहणारी शंका होती.

नाणे आणि सराफ

१९०६ मध्ये भिक्षूची वस्त्रे सोडून धर्मानंद पुन्हा गृहस्थ झाले. सुमारे सात वर्षांनी ते गोव्यास जाऊन कुटुंबीयांना भेटले. कलकत्त्यास त्यांनी पाली शिकविण्याचे काम केले. परंतु आपले ज्ञान मराठी माणसापर्यंत पोहोचावे, ही त्यांची तीव्र इच्छा होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी, महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक पुस्तक लिहावे या अटीवर, त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याची नोकरी सोडून त्यांनी हे अल्प मानधन स्वीकारले.

१९१० मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोष या आचार्यांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम तेथे अपुरे राहिले होते. निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहायचे आणि मूळ पाठ कोणता असावा हे ठरवायचे, असे ते अत्यंत किचकट काम होते. त्यासाठी धर्मानंद चार वेळा अमेरिकेस गेले. या ग्रंथाची नागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये मुंबईतून प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये प्रकाशित झाली.

या ग्रंथात जाणण्याच्या पायऱ्या समजावून देणारा एक सुंदर दृष्टांत आहे. फळीवर नाण्यांचा ढीग पडलेला आहे. लहान मुलाला त्यात केवळ गोल, चकचकीत, नक्षीदार वस्तू दिसतात. खेडूत माणसाला त्या वस्तू दिसतात आणि त्यांच्या बदल्यात माल मिळतो हेही कळते. सराफाला मात्र याहून अधिक कळते. नाणे हाती घेऊन, वाजवून, त्याचे वजन पाहून ते खरे की खोटे आणि कोठे घडविलेले, हे तो सांगू शकतो. मुलाचे जाणणे ही नुसती ओळख, खेडुताचे जाणणे ही समज आणि सराफाचे जाणणे ही प्रज्ञा होय. वस्तू तीच, परंतु पाहणाऱ्याच्या पारखीनुसार जाणण्याची खोली बदलते.

प्रज्ञा नेमके काय पाहते? सर्व गोष्टी अनेक कारणांनी घडतात आणि सतत बदलत असतात, हे ती पाहते. धर्मानंदांच्या लहानपणीच्या माडाचेच उदाहरण घेऊ. माती, पाणी, ऊन आणि माणसाची मेहनत यांखेरीज माड नाही. तो काल होता तसा आज नाही आणि आज आहे तसा उद्या असणार नाही. माणसाचे शरीर, मन आणि त्याचे मोठेपण यांचेही तसेच आहे. वस्तुस्थितीचे हे स्वरूप बौद्ध तत्त्वज्ञानाचा गाभा आहे. ते नुसते तोंडपाठ करणे म्हणजे माहिती; ते जगण्यात उतरविणे म्हणजे शहाणपण.

आदरणीयांचीही पारख

१९१२ ते १९१८ या काळात धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे नामवंत अभ्यासक त्यांच्या शिष्यवर्गातून पुढे आले. ज्या तरुणाला पाली शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता, त्याच्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ती आपल्या गावात शिकता येऊ लागली.

१९४० च्या सुमारास त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप घर सोडले, ही कथा सर्वांच्या परिचयाची होती. ज्या महापुरुषासाठी धर्मानंदांनी स्वतःचे घर सोडले, त्याच्याविषयीची ही कथाही त्यांनी तपासून पाहिली. सर्वांत जुन्या पाली सुत्तांत त्यांना वेगळे चित्र दिसले. शस्त्रे घेऊन एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून सिद्धार्थाचे मन उद्विग्न झाले आणि आईवडील रडत असताना, त्यांच्यादेखत तो बाहेर पडला, असे त्या सुत्तांवरून दिसते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात होणारी भांडणे यामागे असावीत, असे मत त्यांनी मांडले. सर्व अभ्यासकांनी ते मान्य केले असे नाही. परंतु श्रद्धा आणि चिकित्सा एकाच मनात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

ज्ञान आणि आचरण

धर्मानंदांचे ज्ञान ग्रंथालयात अडकून राहिले नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे मुंबईच्या परळ भागात, कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार सुरू केला.

या ज्ञानाची किंमत मात्र त्यांनी एकट्याने मोजली नाही. ते दूरदेशी असताना पत्नी बाळाबाईंनी एकटीने दिवस काढले. पुढे धर्मानंदांनी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना अमेरिकेस नेऊन उत्तम शिक्षण दिले. दामोदर कोसंबी थोर गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला परिचित झाले. तरीही सत्यासाठी घर सोडणाऱ्याने घरच्यांना काय द्यावे लागते, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना मनात राहतोच.

अखेरच्या काळात त्यांचे शरीर थकले होते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून, जून १९४७ मध्ये त्यांनी शांतपणे जगाचा निरोप घेतला. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे आदराने स्मरण केले. एका लहानशा लेखाने जागे झालेल्या कुतूहलाला धर्मानंदांनी पन्नास वर्षे साथ दिली. पदवी नसलेला हा माणूस विद्यापीठांचा गुरू झाला. कारण जे ऐकले ते तपासावे आणि जे पटले ते आचरावे, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

स्वाध्याय

१. नेपाळमध्ये निराशा झाल्यानंतर धर्मानंदांनी काय केले?
२. शंकेचे दोन प्रकार कोणते? प्रत्येकाचे एक उदाहरण आपल्या अनुभवातून द्या.
३. नाण्यांच्या दृष्टांतातील मूल, खेडूत आणि सराफ यांच्या जाणण्यात कोणता फरक आहे?
४. ‘श्रद्धा आणि चिकित्सा एकाच मनात नांदू शकतात’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. ज्ञानासाठी धर्मानंदांनी घर सोडणे आपणांस योग्य वाटते काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत लिहा.