चौदा दिवसांचा तुरुंग

बँकेत असताना एक शब्द माझ्या हाताखालून रोज जायचा : अज्ञान. लहान मुलाच्या नावानं खातं उघडायचं, तर त्याच्या नावापुढं हा शब्द लिहायचा आणि सही पालकाची घ्यायची. पोराला व्यवहार कळत नाही, हे कायद्यानं फार पूर्वीपासून धरलेलं. पण गंमत अशी, की ज्या इंग्लंडातून हा कायदा आपल्याकडं आला, तिथलं न्यायालय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच अज्ञान पोराला रुमाल चोरला म्हणून मोठ्या माणसांच्या तुरुंगात धाडत होतं. सात वर्षांखालचं मूल तेवढं सुटे. सात ते चौदा या वयात समज नसते असं गृहीत धरत, पण समज होती एवढं दाखवून दिलं की ती ढाल गळून पडे. १८३१ साली मेडस्टन इथं चौदा वर्षांच्या एका मुलाला खुनासाठी फाशी दिली गेली.

त्या वेळी मेरी कार्पेंटर चोवीस वर्षांची होती. १८०७ साली एक्झेटरला जन्मलेली, ब्रिस्टलला वाढलेली धर्मोपदेशकाची थोरली मुलगी. वडिलांनी तिला मुलांच्या बरोबरीनं लॅटिन, ग्रीक, गणित शिकवलं. पुढं ती आईबरोबर मुलींची शाळा चालवू लागली. आयुष्य असंच सरळ गेलं असतं. पण १८३३ साली दोन पाहुणे ब्रिस्टलला आले. एक अमेरिकेतले डॉक्टर टकरमन, बोस्टनच्या गरीब वस्तीत काम करणारे. दुसरे आपले राजा राममोहन रॉय. राजे त्याच सप्टेंबरात ब्रिस्टलमध्येच वारले. मेरीच्या मनात हिंदुस्थान तेव्हापासून घर करून राहिला.

१८४६ साली तिनं लेविन्स मीड या बकाल वस्तीत फाटक्या मुलांची शाळा काढली. अनवाणी, अंगाला वास मारणारी, कुणाच्या आईबापाचा पत्ता नसलेली पोरं. छडी वापरायची नाही, हा बाईंचा नियम. शिकवता शिकवता तिच्या ध्यानात आलं, की यांतली काही पोरं मधेच नाहीशी होतात, तुरुंगात जातात आणि परततात ती जास्त पटाईत होऊन. तुरुंग हीच त्यांची खरी शाळा झाली होती.

१८५१ साली तिनं यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमला परिषद भरवली. परिषदेमागची मुख्य प्रेरणा तिची, पण व्यासपीठावरून ती एक शब्दही बोलली नाही. बाईमाणसानं सभेत बोलणं तेव्हा शोभत नसे! पुढच्या वर्षी मात्र पार्लमेंटच्या समितीपुढं तिनं साक्ष दिली. मुलांसाठी म्हणून चालवलेल्या पार्कहर्स्ट तुरुंगावर तिनं नेमकं बोट ठेवलं : भिंती, पहारे आणि कवायत यांतून आज्ञाधारक कैदी निघेल, माणूस निघणार नाही.

नुसतं बोलून भागणार नव्हतं. १८५२ साली किंग्सवुडला जॉन वेस्लीच्या जुन्या शाळेच्या जागेत तिनं सुधारगृह उघडलं. सुरुवात काही सुखाची नव्हती. मुलं-मुली एकत्र, भांडणं, पळापळी. मग १८५४ साली कवी बायरनच्या पत्नीनं ब्रिस्टलमधला 'रेड लॉज' हा जुना वाडा विकत घेऊन दिला आणि मेरीनं मुलींना तिकडं नेलं. नक्षीदार लाकडी तावदानांच्या त्या दालनांत चोरट्या म्हणून शिक्का बसलेल्या मुली धुणं, शिवण, लिहिणं शिकू लागल्या.

त्याच वर्षी कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या गुन्हेगाराला सुधारगृहात दोन ते पाच वर्षं ठेवण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. पण खासदारांना धास्ती, की शिक्षाच झाली नाही तर लोक काय म्हणतील? म्हणून एक अट घातली : आधी किमान चौदा दिवस तुरुंग. मेरीचा या अटीला कडवा विरोध होता. जिथून मुलाला वाचवायचं, तिथूनच त्याला आणायचं, हा कुठला न्याय!

इथं मला एक खटकतं, तेही सांगायला हवं. मोठा माणूस त्याच चोरीसाठी काही आठवडे आत राहून सुटे, पोराला मात्र सुधारण्यासाठी दोन-दोन, पाच-पाच वर्षं अडकवत. दया लांबली की तीही कैदच होते. मेरीला याची टोचणी फारशी लागल्याचं दिसत नाही. घर ज्यांना नाहीच, त्यांना घर देतो आहोत, ही तिची श्रद्धा होती. स्वतः अविवाहित असलेल्या या बाईनं १८५८ साली एक मुलगी दत्तक घेतली, त्या श्रद्धेतूनच असेल.

१८६६ साली, एकोणसाठाव्या वर्षी, ती बोटीनं मुंबईला उतरली. अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता असा प्रवास केला. मुलींच्या शाळा पाहिल्या, तसे तुरुंगही पाहिले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीवर उभी राहिलेली मुलांची सुधारसंस्था तेव्हा नऊ वर्षांची झाली होती, पण देशभर अशा संस्था हव्यात, असा लकडा तिनं सरकारकडं लावला. त्यानंतर ती आणखी तीनदा आली, शेवटची १८७५ साली, अडुसष्टाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी, १८७६ साली, हिंदुस्थानात सुधारशाळांचा कायदा झाला.

१४ जून १८७७च्या रात्री ती झोपेतच गेली. ब्रिस्टलच्या आर्नोज व्हेल दफनभूमीत तिची कबर आहे; द्वारकानाथ टागोरांनी राममोहन रॉय यांच्यासाठी बांधवलेली छत्रीही तिथंच आहे. चौदा दिवसांची ती अट इंग्लंडच्या कायद्यातून पुरती गेली १८९९ साली, तिच्यामागून बावीस वर्षांनी.